वर्दी आणि ठावठिकाणा : आळंदी परिसरातील आपत्कालीन संदेशग्रहणाचा विकास

१. प्रास्ताविक

आग, अपघात, चोरी अथवा आकस्मिक आजार यांची खबर योग्य ठिकाणी पोहोचवणे या क्रियेस मराठीत एक जुना शब्द आहे, तो म्हणजे 'वर्दी'. हिंदीच्या संसर्गाने या शब्दास आज गणवेशाचा अर्थ चिकटला असला, तरी अग्निशामक दलाच्या बोलीत 'वर्दी मिळाली', 'गाडी वर्दीवर गेली', 'खोटी वर्दी' हे प्रयोग अद्याप रूढ आहेत. वर्दीच्या व्यवहारात तीन व्यक्ती गुंतलेल्या असतात : वर्दी देणारा, वर्दी घेणारा आणि वर्दीवर धावून जाणारा. यांपैकी तिसऱ्याचा गौरव होतो. पहिल्याची नोंद फिर्यादी वा पीडित म्हणून कागदोपत्री राहते. दुसरा मात्र इतिहासाच्या नजरेतून बहुधा निसटतो. दूरध्वनीपाशी बसून परक्याची हाक ऐकणारा, तिचा अर्थ लावणारा आणि मदत कोणत्या दिशेने धाडावयाची हे ठरवणारा हा मनुष्य आज नियंत्रण कक्षात 'कॉल टेकर' किंवा 'डिस्पॅचर' या नावाने ओळखला जातो. प्रस्तुत निबंधात त्याच्या कामाचा व शिक्षणाचा विचार आळंदी आणि तिच्या भोवतालचा पिंपरी-चिंचवड व चाकण हा औद्योगिक पट्टा यांच्या संदर्भात करावयाचा आहे.

या विकासाकडे सामान्यतः यंत्रांच्या प्रगतीचा इतिहास म्हणून पाहिले जाते. तसे पाहण्यास आधार आहेच. तथापि वर्दी घेणाऱ्याच्या दृष्टीने पाहू गेल्यास त्याच इतिहासाची एक दुसरी बाजू दिसू लागते. प्रत्येक टप्प्यास वर्दी घेणारा घटनास्थळापासून अधिकाधिक दूर गेला. पूर्वी जे स्थलज्ञान त्याच्या अंगी सहज असे, ते त्यास पुढे शिकून मिळवावे लागले. किंबहुना या व्यवसायाचे सारे शिक्षण म्हणजे हे अंतर प्रश्नांनी भरून काढण्याचा प्रयत्न होय. तो प्रयत्न कितपत पुरा पडतो याची कसोटी जेथे गावांची नावे एकमेकांत गुंतलेली आहेत अशा प्रदेशात लागते. आणि आळंदीचा परिसर नेमका तसा आहे.

२. दूरध्वनीपूर्व व्यवस्था

एकोणिसाव्या शतकातील गावगाड्यात वर्दी घेणे हे पोलीस पाटलाचे कर्तव्य होते. १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस अधिनियमाने या जुन्या रीतीस कायद्याचे रूप दिले. गावात घडलेला गुन्हा किंवा संशयास्पद मृत्यू यांची खबर वरिष्ठांस देणे पाटलावर बंधनकारक झाले. या व्यवस्थेचा वेग माणसाच्या पायांइतकाच होता आणि तालुक्याहून मदत येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असे. परंतु तिच्यात एक गुण होता. 'ओढ्यापलीकडच्या वस्तीवर' एवढे शब्द कानी पडताच पाटलास ओढा कोणता, वस्ती कोणाची आणि तेथे जाण्याची वाट कोणती हे सांगावे लागत नसे. वर्दी देणारा आणि घेणारा एकाच भूमीवर उभे असत.

आळंदीच्या संदर्भात आणखी एका परंपरेचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यास एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी आजची शिस्त घालून दिली. ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून प्रस्थान ठेवणारा हा समाज रोज नव्या मुक्कामी असतो. सायंकाळी पालखी तळावर पोहोचली की समाज आरतीपूर्वी दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात आणि टाळमृदंगाचा गजर चालू असतो. चोपदाराने आपला दंड वर करताच सर्वत्र शांतता पसरते. ज्या दिंडीस काही तक्रार मांडावयाची असते, ती दिंडी मात्र टाळ वाजवीतच राहते. तो आवाज ऐकून चोपदार त्या दिंडीकडे जातो, गाऱ्हाणे ऐकून घेतो आणि त्याचा निकाल लागतो. हरवलेल्या व सापडलेल्या वस्तूंची घोषणाही याच वेळी होते.

ही प्रथा धार्मिक सोहळ्याचा भाग असली, तरी संदेशव्यवहाराच्या अभ्यासकास तिच्यात तीन तत्त्वे स्पष्ट दिसतात. इतर सर्व आवाज थांबल्यावाचून गरजेचा आवाज ऐकू येत नाही, हे पहिले. हाक देणाऱ्याचे स्थान त्याच्या आवाजावरून कळले पाहिजे, हे दुसरे. ऐकणारा नियुक्त व सर्वमान्य असला पाहिजे, हे तिसरे. आधुनिक नियंत्रण कक्षाची उभारणी, तिच्याशी या प्रथेचा काही संबंध नसताना, याच तीन तत्त्वांवर झालेली आहे.

३. हाताने जोडला जाणारा दूरध्वनी

मुंबईत दूरध्वनी केंद्र सुरू झाले ते १८८२ साली. त्यानंतर कित्येक दशके दूरध्वनीचा संबंध मानवी हातानेच जोडला जात असे. ग्राहकाने यंत्र उचलले की केंद्रातील परिचालक क्रमांक विचारी व फळीवरील दोरी योग्य छिद्रात बसवी. स्वयंचलित केंद्रे मोठ्या शहरांत आली, तरी लहान गावांतील हाताने चालणारी केंद्रे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही दीर्घकाळ टिकून राहिली. परगावी बोलावयाचे तर 'ट्रंक कॉल' नोंदवून वाट पाहावी लागे. त्यातही साधा, 'अर्जंट' आणि 'लायटनिंग' असे दर्जे असत. मृत्यूची वा गंभीर आजाराची बातमी बहुधा यांपैकी वरच्या दर्जाने जाई, म्हणजे तिची निकड पैशाने सिद्ध करावी लागे.

आपत्कालीन संदेशग्रहणाच्या इतिहासात या परिचालकाचे स्थान महत्त्वाचे आहे. लहान केंद्रातील परिचालक ग्राहकांस आवाजावरून ओळखी. घाबरलेल्या माणसाने क्रमांक न सांगता 'डॉक्टरांकडे जोडा' एवढेच म्हटले तरी काम होई. डॉक्टर घरी नसल्यास ते कोठे सापडतील याचाही त्यास पुष्कळदा अंदाज असे. हे त्याच्या नेमून दिलेल्या कामाचे अंग नव्हते आणि त्याचे शिक्षणही कोणी दिले नव्हते. एका जागी वर्षानुवर्षे बसून ऐकत राहिल्याने आलेले ते ज्ञान होते. यंत्र स्वयंचलित झाले तेव्हा संभाषण जलद जोडले जाऊ लागले, परंतु हे ज्ञान मात्र केंद्राबाहेर पडले. ते कोठेही लिहून ठेवलेले नव्हते.

४. क्रमांक, खूण आणि त्यांची मर्यादा

सर्व लोकांस एकच सोपा क्रमांक माहीत असावा ही कल्पना एका दुर्घटनेतून पुढे आली. लंडनमधील विंपोल स्ट्रीट येथे १९३५ च्या नोव्हेंबरात एका घरास आग लागून पाच स्त्रिया मृत्यू पावल्या. आग पाहणाऱ्या शेजाऱ्याने दूरध्वनी उचलला होता, परंतु केंद्रावर येणाऱ्या इतर हाकांच्या रांगेत त्याची हाक अडकून पडली. या प्रकाराची चर्चा होऊन ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ हा क्रमांक सुरू झाला. त्या क्रमांकाची हाक येताच केंद्रात तांबडा दिवा लागे व निराळा आवाज होई. दंड वर होताच इतरांनी थांबावे, ही आळंदीच्या तळावरील शिस्त येथे यंत्राने साधली. अमेरिकेत ९११ या क्रमांकावरील पहिली हाक अलाबामा राज्यातील हेलीव्हिल येथे १६ फेब्रुवारी १९६८ रोजी घेण्यात आली. भारतात पोलिसांसाठी १००, अग्निशामक दलासाठी १०१ आणि रुग्णवाहिकेसाठी १०२ असे निरनिराळे क्रमांक रूढ झाले.

क्रमांक किंवा खूण ठरवून दिली म्हणजे वर्दी पोहोचली असे मात्र होत नाही. याचे विदारक उदाहरण मुंबईच्या इतिहासात आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजास आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्यांसमवेत मोठा स्फोटक साठा होता. आग गंभीर असून अधिक बंब हवेत असा ठरलेला सांकेतिक संदेश नियंत्रण कक्षास देण्यासाठी गोदीतील अग्निशामक दलाचा एक जवान दूरध्वनीकडे धावला. त्या यंत्रास क्रमांक फिरवण्याची चकतीच नव्हती. अखेर त्याने जवळच्या सूचनापेटीची काच फोडली. पेटीची घंटा आग लागली आहे एवढेच सांगू शकते, तिचे गांभीर्य सांगू शकत नाही. त्यामुळे नियमाप्रमाणे आरंभी दोनच बंब निघाले. अधिक बंब नंतर आले. दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी पहिला प्रचंड स्फोट झाला. त्या दिवशी अग्निशामक दलाचे ६६ जण कामी आले, आणि त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. स्फोटाची कारणे अनेक होती. वर्दीतील उणीव हे त्याचे एकमेव कारण मानणे इतिहासास धरून होणार नाही. परंतु 'काय घडले' आणि 'किती मोठे घडले' हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि दुसऱ्याचे उत्तर घंटेकडून मिळत नाही, त्यासाठी बोलणारा व ऐकणारा लागतो, हे त्या दिवशी फार मोठ्या किमतीस सिद्ध झाले.

५. १०८ आणि ११२

महाराष्ट्रातील आधुनिक व्यवस्थेचे दोन प्रवाह आहेत. पहिला वैद्यकीय. १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबाद येथे १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली आणि पुढे ती अनेक राज्यांनी स्वीकारली. महाराष्ट्रात ती २०१४ च्या जानेवारीत 'महाराष्ट्र आपत्कालीन वैद्यकीय सेवा' या नावाने ९३७ रुग्णवाहिकांसह अस्तित्वात आली. त्यांपैकी २३३ प्रगत जीवनरक्षक उपकरणांनी युक्त व ७०४ मूलभूत सोयींच्या होत्या. प्रत्येक गाडीवर डॉक्टर असावा हे या योजनेचे वैशिष्ट्य होते. संपूर्ण राज्याचे संदेशग्रहण केंद्र पुण्यात औंध येथील उरो रुग्णालयाच्या आवारात उभारण्यात आले. गडचिरोलीची हाक आणि आळंदीची हाक एकाच दालनात येऊ लागली.

दुसरा प्रवाह पोलिसांचा. १०० क्रमांकाची हाक पूर्वी जिल्ह्याच्या किंवा शहराच्या नियंत्रण कक्षात येई व तेथून बिनतारी यंत्रावर ठाण्यास कळवली जाई. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या अत्याचार प्रकरणानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीच्या शिफारशींतून सर्व देशासाठी एक क्रमांक हा विचार पुढे आला. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१५ साली ११२ या क्रमांकाची शिफारस केली. २८ नोव्हेंबर २०१८ रोजी हिमाचल प्रदेशात तो सर्वप्रथम सुरू झाला आणि २०२१ साली महाराष्ट्रात. राज्याचे मुख्य संपर्क केंद्र नवी मुंबईत व दुसरे नागपुरात स्थापन झाले.

दरम्यान १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय अस्तित्वात आले, आणि तोवर पुणे ग्रामीण पोलिसांकडे असलेली आळंदी व चाकण ही ठाणी त्यास जोडली गेली. परिणामतः आळंदीच्या मंदिराच्या पायरीवरून केलेली ११२ ची हाक आधी घाट उतरून नवी मुंबईस जाते. तेथील संदेशग्राहक हाक ऐकून घटनेची नोंद करतो. ती नोंद क्षणात घाट चढून आयुक्तालयाच्या नियंत्रण कक्षातील डिस्पॅचरच्या पडद्यावर येते. तो जवळची गाडी निवडून तीमधील यंत्रावर घटना धाडतो. गाडी पोहोचल्याची, कारवाईची व घटना मिटल्याची वेळ यंत्रात नोंदली जाते. ऐकणे व धाडणे ही दोन कामे अशा रीतीने दोन माणसांत आणि दोन शहरांत विभागली गेली.

या विभागणीचे लाभ खरे आहेत. हाक नोंदलेली राहते. ती टाळता येत नाही व विलंब मोजता येतो. स्थानिक ठाण्यात कोणाची ओळख आहे यावर मदत अवलंबून राहत नाही. जुन्या परिचालकाच्या जिव्हाळ्याचे स्मरण करताना त्याच्या काळी दूरध्वनी फार थोड्या घरांत होता आणि ज्या घरांत तो नव्हता त्यांची हाक त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती, हे विसरून चालणार नाही.

६. शिक्षण व दैनंदिन काम

दूर बसलेल्या संदेशग्राहकास मुख्यतः प्रश्नांचा क्रम शिकवला जातो. लोकांची समजूत अशी असते की 'काय झाले?' हा पहिला प्रश्न असावा. शिक्षणात मात्र 'नेमके कोठे?' यास अग्रस्थान दिले जाते. कारण संभाषण मध्येच तुटले आणि केवळ ठिकाण कळलेले असले तर गाडी धाडता येते. सर्व हकिगत कळली व ठिकाण राहिले तर काहीच करता येत नाही. त्यानंतर परत बोलावण्याचा क्रमांक, घटनेचे स्वरूप, जखमींची संख्या, आग, वायू, शस्त्र वा तुटलेली वीजतार यांसारखा चालू असलेला धोका, असे प्रश्न येतात.

हाक करणारा बहुधा या क्रमाने बोलत नाही. तो 'लवकर या' हे शब्द पुनःपुन्हा उच्चारतो. निकड त्याच्या मनात एवढी भरलेली असते की ठिकाण सांगावयाचे राहून गेले आहे हेच त्यास उमगत नाही. आपण जेथे उभे आहोत ते जगास ठाऊकच आहे असे तो गृहीत धरतो. अशा वेळी आवाज न चढवता तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा विचारण्याची सवय लावली जाते. शब्द बदलला की घाबरलेल्या मनास तो नवा प्रश्न वाटतो. 'गाडी निघत आहे, आपण मला ठिकाण सांगा' या वाक्याचा पूर्वार्ध उत्तरार्धाइतकाच आवश्यक असतो, कारण चौकशी व मदत या एकामागून एक होणाऱ्या गोष्टी आहेत असे ऐकणाऱ्यास वाटता कामा नये.

वैद्यकीय हाकांच्या बाबतीत या कामाची व्याप्ती अधिक आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे डॉ. जेफ क्लॉसन यांनी संदेशग्राहकांसाठी प्रश्न व सूचना यांची पत्रके तयार केली. गाडी पोहोचेपर्यंतचा काळ रिकामा न घालवता हाक करणाऱ्याच्याच हातून प्रथमोपचार घडवावा, हे तत्त्व त्यातून दृढ झाले. श्वास व शुद्ध हरपलेल्या प्रौढाच्या छातीच्या मध्यभागी मिनिटास १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाब द्यावा, हे दूरध्वनीवरून समजावताना संदेशग्राहक मोठ्याने आकडे मोजतो आणि पलीकडचा त्या तालावर दाब देतो. ज्यास तो कधी पाहणार नाही अशा रोग्यावर तो परक्याच्या हातांनी उपचार करीत असतो.

दैनंदिन काम पाळ्यांत विभागलेले असते. त्यातील फार मोठा भाग नाट्यमय नसतो. कोणी मुले गंमत म्हणून क्रमांक लावतात, कोणाच्या खिशातील यंत्र आपोआप हाक करते, कोणी बोलतच नाही. या निःशब्द हाका, ज्यांस कक्षात 'ब्लँक कॉल' म्हणतात, सरसकट खोट्या मानता येत नाहीत. मारहाण होत असलेली स्त्री दूरध्वनी लावून काही न बोलता तो उघडा ठेवू शकते; म्हणून पाठीमागचे आवाज ऐकणे हाही शिक्षणाचा भाग ठरतो. याच्या उलट, महामार्गावर एक अपघात झाला की अनेक वाटसरूंच्या हाका एकाच वेळी येतात आणि प्रत्येकजण ठिकाणाचे वेगळे नाव सांगतो. या सर्व हाका एकाच घटनेच्या आहेत हे ओळखणे आवश्यक असते, नाहीतर चार गाड्या एका ठिकाणी जमतात. त्याच वेळी, त्या गर्दीतील एक हाक थोड्याच अंतरावरील दुसऱ्या अपघाताची असू शकते. तिला पहिल्यात मिसळून टाकणे ही चूक अधिक घातक होय.

एक गोष्ट या व्यवसायाच्या स्वरूपातच आहे. हाक संपली की दुसरी येते. पहिलीचा शेवट काय झाला हे ती घेणाऱ्यास बहुधा कळत नाही. गाडीवरील माणूस निदान रुग्णालयाच्या दारापर्यंत जातो. संदेशग्राहकाच्या वाट्यास आरंभच येतात. या अर्धवट राहिलेल्या हकिगतींचा मनावर साचणारा भार हा आता व्यवसायजन्य त्रास म्हणून ओळखला जातो, परंतु त्याची दखल गाडीवरील श्रमांइतकी घेतली जात नाही.

७. आळंदीची नावे

वर सांगितलेल्या शिक्षणाची खरी परीक्षा आळंदीच्या परिसरात होते, कारण येथे 'नेमके कोठे?' या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावरही ते पुरेसे नसते. पुणे जिल्ह्यात आळंद्या एकाहून अधिक आहेत. खेड तालुक्यात इंद्रायणीकाठी असलेली ती देवाची आळंदी. हवेली तालुक्यात म्हातोबाची आळंदी आहे, आणि जुन्या गॅझेटियरात चोराच्या आळंदीचीही नोंद आढळते. स्थानिक मनुष्य केवळ 'आळंदी' म्हणतो. कारण त्याच्यापुरती दुसरी आळंदी नसते.

खुर्द व बुद्रुक यांचा घोळ असाच आहे. चऱ्होली बुद्रुक नदीच्या दक्षिणेस पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत येते, चऱ्होली खुर्द नदीपलीकडे खेड तालुक्यात. बोलताना हे उपपद गळून पडते. चाकणजवळ महाळुंगे आहे आणि बालेवाडीजवळही महाळुंगे आहे.

याहून सूक्ष्म अडचण 'फाटा' या शब्दाची आहे. फाट्यास तो जेथे आहे त्या गावाचे नाव न मिळता वाट जिकडे जाते त्या गावाचे नाव मिळते. म्हणून देहू फाटा देहूत नाही. तो आळंदीत आहे. आळंदी फाटा आळंदीत नाही. तो पुणे-नाशिक महामार्गावर कुरुळीच्या बाजूस आहे. आळंदी रस्ता या नावाचा मार्ग तर पुणे शहरातून निघतो व त्यावरील पुष्कळसा भाग आळंदीपासून बराच दूर आहे. देहू, देहूरोड व देहू फाटा ही तीन नावे एका दमात उच्चारली जातात, परंतु त्यांची ठिकाणे निराळी आहेत. पायी चालणाऱ्याच्या दृष्टीने ही नामकरणाची रीत पूर्णतः सयुक्तिक होती, कारण वाटसरूस आपण कोठे आहोत यापेक्षा वाट कोठे जाते हे कळणे अधिक महत्त्वाचे असे. हाक घेणाऱ्यास मात्र नेमके याच्या उलट हवे असते.

औद्योगिकीकरणाने यात आणखी एक थर चढवला. चाकण औद्योगिक क्षेत्रात बाहेरच्या राज्यांतून आलेला कामगार कारखान्याचे नाव, औद्योगिक क्षेत्राचा टप्पा व फार तर भूखंडाचा क्रमांक जाणतो. गावाचे नाव तो जाणतोच असे नाही. जुना रहिवासी वस्तीचे व शिवाराचे नाव जाणतो, टप्पा त्यास ठाऊक नसतो. एकाच जागेचा पत्ता दोघे दोन भूगोलांतून सांगतात, आणि पहिला तो बहुधा हिंदीत सांगतो. यंत्र हाकेचे अंदाजे स्थान दाखवते खरे, परंतु दूरध्वनी मनोऱ्यावरून काढलेले स्थान पुष्कळ शेकडा मीटरांनी चुकू शकते. नदीकाठच्या गावी अशा चुकीचा अर्थ गाडी पैलतीरास जाणे असा होऊ शकतो, आणि मग पूल कोठे आहे यावर सारे अवलंबून राहते.

म्हणून या भागातील हाक हाताळताना पुष्टी करणारा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच मोलाचा ठरतो. 'आळंदी म्हणजे मंदिराची आळंदी ना?', 'नदीच्या कोणत्या बाजूस?', 'आपण फाट्यावर आहात की गावात?', 'समोर कोणती पाटी दिसते?' असे प्रश्न कोणत्याही राज्यव्यापी पत्रकात लिहिलेले असणार नाहीत. ते आयुक्तालयाच्या कक्षातील डिस्पॅचरला, ठाण्यातील अंमलदाराला व गाडीच्या चालकाला अनुभवाने ठाऊक असतात. नवी मुंबईत नोंदलेली घटना पडद्यावर आल्यावर हा डिस्पॅचर स्वतः हाक करणाऱ्यास दूरध्वनी करून ठिकाण पक्के करतो, तेव्हा जुन्या केंद्रातील परिचालकाचेच काम तो नव्या आसनावरून करीत असतो.

८. वारीच्या काळातील पत्ता

कार्तिकी यात्रेच्या व पालखी प्रस्थानाच्या दिवसांत आळंदीची लोकसंख्या अनेकपटींनी वाढते. पोलिसांचे तात्पुरते कक्ष, आरोग्य पथके, रुग्णवाहिका व नदीकाठी बचाव पथके नेमली जातात. या काळात गावातील पत्तेही बदलतात. मराठवाड्यातून वा विदर्भातून आलेल्या वारकऱ्यास गल्लीचे नाव माहीत नसते. तो आपली धर्मशाळा सांगतो, आणि पालखी निघाल्यावर तर दिंडीचा क्रमांक हाच त्याचा पत्ता होतो. 'रथापुढे' किंवा 'रथामागे' अमुक क्रमांकाची दिंडी, एवढ्यावर लाखोंच्या समुदायात हरवलेला मनुष्य आपल्या माणसांत परत येतो. जागा रोज बदलते, क्रम बदलत नाही. म्हणून क्रम हाच ठावठिकाणा ठरतो.

अचल नकाशावर आधारलेल्या यंत्रास हा पत्ता समजत नाही. तो समजणारा मनुष्य कक्षात असल्यास चक्कर आलेल्या म्हाताऱ्या वारकऱ्यापर्यंत पथक थेट जाते. नसल्यास ते गर्दीत शोधत राहते. समाज आरतीच्या वेळी टाळ वाजत राहणाऱ्या दिंडीकडे चोपदार न चुकता पोहोचतो, तो याच क्रमज्ञानाच्या बळावर.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते की आपत्कालीन संदेशग्रहणाच्या विकासात दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. हाक ऐकली जाण्याचा अधिकार सर्वांस मिळाला, आणि हाक ऐकणारा सर्वांपासून दूर गेला. पहिल्या लाभासाठी दुसरी किंमत मोजावी लागली, आणि ती मोजणे बहुधा अपरिहार्य होते. शिक्षणाने प्रश्नांचा क्रम, स्वराचा संयम व उपचाराच्या सूचना ही साधने सर्वत्र सारखी दिली. ठिकाणाचे ज्ञान मात्र सर्वत्र सारखे देता येत नाही. ते प्रत्येक भागाचे वेगळे असते आणि आजही ते मुख्यत्वे माणसांच्या स्मरणातच आहे. बदली झाली, पाळी बदलली किंवा अनुभवी अंमलदार निवृत्त झाला की ते त्याच्याबरोबर जाते. हाताने चालणारी दूरध्वनी केंद्रे बंद झाली तेव्हा असेच ज्ञान नष्ट झाले होते.

यावर उपाय नवा नाही. फाटे, वस्त्या, खुर्द-बुद्रुक, समान नावांची गावे, कारखान्यांचे टप्पे, धर्मशाळा व दिंड्यांचे क्रम यांची स्थानिक उच्चारांसह नोंद करून ती संदेशग्राहकाच्या शिक्षणात समाविष्ट करणे हे काम भूगोल, भाषा व इतिहास यांच्या अभ्यासकांनी हाती घेण्याजोगे आहे. स्थलनामांचा अभ्यास हा आजवर व्युत्पत्तीच्या जिज्ञासेपोटी झाला. आळंदीच्या पट्ट्यात त्याची गरज अधिक निकडीची आहे, कारण येथे नावातील एका उपपदावर गाडी नदीच्या कोणत्या तीराने जाईल हे ठरते.